देव्हाऱ्यातला समुद्र, टेकडीतला समुद्र

केळशीच्या पुळणीवर शंख मिळतील, शिंपले मिळतील. अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाच्या प्राचीन समुद्री प्राण्याचा जीवाश्म, मात्र एकही मिळणार नाही. दापोली तालुक्याचा हा किनारा लाव्हाच्या काळ्या पाषाणाचा आणि त्यावर तयार झालेल्या जांभ्याचा. प्राचीन समुद्राचा गाळ इथे उघडा पडलेलाच नाही. पण काळाचा योग असा, की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर हा लाव्हा वाहत होता, त्याच सुमारास जगभरच्या समुद्रांतून अमोनाइट कायमचे संपले. त्याआधी ३० कोटींहून अधिक वर्षं ते पोहत होते. त्यांच्या नाशात मेक्सिकोपाशी आदळलेल्या अशनीचा हात मोठा मानतात. आपल्या लाव्हातून निघालेल्या वायूंचा किती, यावर अजून वाद आहे.

तरीही कोकणातल्या कितीतरी घरांत अमोनाइट आहे. रोज त्याच्यावर पाणी घातलं जातं, तुळस वाहिली जाते, तुळशीच्या लग्नात तो नवरदेव होतो. तो म्हणजे शाळिग्राम. पंचायतनात विष्णूच्या जागी गंडकीचा शाळिग्राम आणि शिवाच्या जागी नर्मदेचा बाण ठेवायची रीत जुनी. वज्रकीट नावाचा किडा हा दगड कोरतो, अशी श्रद्धा आहे. आतल्या वेटोळ्याचं काम जिवंत प्राण्याचं आहे, एवढं ती बरोबर ओळखते, याचं मला फार कौतुक वाटतं.

भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात मेलेले अमोनाइट रुतले. कवचाभोवती खनिजं साचून कठीण गोटे झाले. पुढे भारताची भूमी आशियाला धडकली, तळ वर उचलला गेला, हिमालय झाला. आता नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या परिसरात, साडेतीन हजार मीटरहून उंचावर, काली गंडकी आणि तिला मिळणारे ओढे ते खडक कापतात आणि गोटे पात्रात येतात. गोटा फुटला की आत ‘चक्र’ दिसतं. कधी त्यावर सोनेरी झाक असते. ती लोह आणि गंधकाच्या खनिजाची.

अमोनाइट कसा जगत होता, हे समजून घ्यायला मात्र केळशीची पुळण पुरेशी आहे. पांढरं, हलकं, ठिसूळ समुद्रफेन लाटांबरोबर किनाऱ्याला लागतं. नाव फेसाचं असलं तरी ते माकुलाच्या जातीतल्या एका प्राण्याच्या पाठीतलं कवच आहे. ते मोडून कडेने भिंगाखाली पाहा: एकावर एक बारीक कप्पे. प्राणी त्यांतलं पाणी कमी-जास्त करून हवं तिथे तरंगतो. अमोनाइटचं कवच बाहेर होतं आणि वेटोळं होतं, पण युक्ती हीच. प्राणी शेवटच्या मोठ्या कप्प्यात राहायचा. मागचे कप्पे रिकामे आणि एका नळीने जोडलेले. माकूल आणि देव्हाऱ्यातला शाळिग्राम हे असे नातेवाईक आहेत!

कप्प्यांच्या भिंती कवचाला जिथे टेकतात, तिथे कोथिंबिरीच्या पानासारखी नागमोडी रेघ उमटते. जातीजातीत ही रेघ वेगळी. त्यात अमोनाइटच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या आणि दूरदूर पसरल्या. त्यामुळे खडकात कोणती जात आहे यावरून थराचं वय ठरवता येतं. कच्छमधल्या अमोनाइटांवर भूवैज्ञानिक वागेन यांनी १८७०च्या दशकात ग्रंथ लिहिला, तो याच कामासाठी आजही लागतो. आणि नर्मदेच्या खोऱ्यातही समुद्र शिरला होता! मध्य प्रदेशातल्या बाघच्या थरांतल्या अमोनाइटांवर जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९४१ मध्ये लिहिलं. पुढे पुण्यात, आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते त्या संस्थेत, जीवाश्मांच्या अभ्यासाची परंपरा उभी राहिली, तीत त्यांचा वाटा मोठा आहे.

जीवाश्म-अभ्यासकांनी दगड गोळा केले, पण त्याहून जपले ते दगडांचे पत्ते. कोणतं गाव, कोणता ओढा, कोणता थर, वर काय होतं, खाली काय. पत्ता हरवला की उरतो सुंदर दगड. वय सांगणारा साक्षीदार गेला. गंडकीच्या पात्रातला गोटा मुळातच थरातून सुटलेला असतो, त्यात बाजारात कोरून केलेले नकलीही मिळतात. घरात शाळिग्राम असेल तर तो कुणी, कुठून, साधारण कधी आणला, हे वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवा.

थराची किंमत केळशीला शिकवायला नको, कारण गावाच्या किनाऱ्यावर वाळूची टेकडीच उभी आहे. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचे थर तपासले. त्यांत शंख-शिंपले निघाले, माणसांनी वापरलेली खापरं निघाली. १५२४ मध्ये दाभोळच्या समुद्रात वास्को द गामाची जहाजं वाऱ्याविना हादरली होती, अशी पोर्तुगीज नोंद आहे. टेकडीतला हा शिंपल्यांचा थर त्याच वेळच्या त्सुनामीचा असावा, असं संशोधक मांडतात. इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्रतळ हलून ती लाट आली असावी, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटलं आहे. इथले शिंपले अमोनाइटांपुढे कालचे, जाती आजच्याच. पण ते वाळूत किती उंचीवर आहेत, कशाबरोबर आहेत, फुटलेले की अखंड, यावर सगळा युक्तिवाद उभा आहे. म्हणून टेकडीची कड ढासळलेली दिसली तर त्यातला एकही शिंपला खिशात घालू नका. मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, आणि शिंपला होता तिथेच राहू द्या.