विश्लेषण : एडीडी असलेल्या व्यक्तीला आश्रमातले सामूहिक जीवन मानवते का?

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे गाव बंजारा समाजाची काशी मानले जाते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी रामनवमीला येथे देशभरातून भाविक येतात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो मैल फिरणाऱ्या या समाजाचे तांडे म्हणजे सामूहिक जीवनाचा जुना नमुना. अनेक कुटुंबांनी एकत्र राहायचे तर कोणी काय करायचे हे कोण सांगणार, या प्रश्नाचे तांड्यातले उत्तर होते नाईक आणि कारभारी.

आज शहरातली नोकरी सोडून आश्रमात किंवा एखाद्या सामूहिक वसाहतीत राहायला जाऊ पाहणाऱ्यांनाही हा प्रश्न पडतो. एडीडी असलेल्या व्यक्तीला तर तो टाळताच येत नाही.

एडीडी म्हणजे नेमके काय?

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये ‘एडीडी’ हे नाव वापरले आणि १९८७ मध्ये ते बदलून ‘एडीएचडी’ केले. बोलण्यात मात्र जुने नाव टिकून आहे, विशेषतः ज्यांच्यात चंचलपणा कमी आणि विसराळूपणा जास्त असतो त्यांच्यासाठी. काम काय आहे हे कळत असते, करायची इच्छाही असते, पण सुरुवात होत नाही. दहा मिनिटे आणि तासभर यांतला फरक जाणवत नाही. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे अडीच टक्के असल्याचा अंदाज आहे. हा आळस नव्हे, आणि बुद्धीशीही त्याचा संबंध नाही.

आश्रमाचा फायदा कुठे होतो?

तांड्यात माणूस जन्माने येतो, आश्रमात ठरवून येतो. ठरवून एकत्र राहण्याची महाराष्ट्रातली ठळक उदाहरणे वर्धा जिल्ह्यात आहेत. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला गेले, तर विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. गांधीजींच्या आश्रमांत दिवस घंटेवर चाले. उठणे, प्रार्थना, जेवण, सूतकताई, सगळ्याची वेळ ठरलेली.

बाहेरून जाचक वाटणारी ही घंटा एडीडी असलेल्या माणसाला हलके करू शकते. ‘आता काय करू?’ हा दिवसातून पन्नास वेळा पडणारा प्रश्न त्याच्यासाठी आधीच सुटलेला असतो. शिवाय काम इतरांच्या सोबतीने होते. शेजारी कोणी भाजी निवडत असेल तर आपलेही हात चालू राहतात, असा एडीडी असलेल्या अनेकांचा अनुभव आहे. भाडे, वीजबिल, किराणा ही विसरली जाणारी कामेही बरीच कमी होतात.

मग अडते कुठे?

फ्लॅटमध्ये एकट्याने भांडी घासायची विसरली तर स्वतःचेच सिंक भरते. चाळीस जणांच्या स्वयंपाकघरात पाळी विसरली तर चाळीस जण ताटाविना थांबतात. आणि जिथे लोक एका ध्येयासाठी एकत्र आलेले असतात, तिथे विसरणे ही निव्वळ चूक राहत नाही. ‘याची निष्ठाच कमी आहे’ असा तिचा अर्थ लावला जातो. ऑफिसात बॉस रागावतो, पण इथे सोबती दुखावतात, आणि संध्याकाळी जेवायला त्यांच्याच पंगतीत बसायचे असते.

ब्रह्मविद्या मंदिरात कोणी प्रमुख नाही, निर्णय सर्वसहमतीने होतात. मूल्य म्हणून हे मोठेच आहे. पण कोणीच हुकूम देत नाही अशा ठिकाणी, न सांगता कामे ओळखण्याची जबाबदारी प्रत्येकावर येते. एडीडीमध्ये नेमकी तीच जड जाते. लांबलेल्या बैठकांचा त्रास वेगळाच. त्या मानाने, काम थेट नेमून देणारा कारभारी सोयीचा!

२००८ मध्ये केनियातील अरियाल पशुपालकांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एडीएचडीशी जोडला जाणारा एक जनुकीय प्रकार असलेले पुरुष भटक्या गटात इतरांपेक्षा चांगल्या पोषणाचे, तर स्थायिक गटात कमी पोषणाचे आढळले. त्यावरून कोणत्याही भटक्या समाजाला एडीडीचे लेबल लावणे चूक ठरेल. पण एकच स्वभाव एका व्यवस्थेत उपयोगी आणि दुसऱ्या व्यवस्थेत अडचणीचा ठरू शकतो, ही शक्यता त्यातून पुढे येते.

जाण्यापूर्वी काय विचारावे?

कामाच्या पाळ्या फळ्यावर लिहिल्या जातात की गृहीत धरल्या जातात? पाळी चुकली तर आधी आठवण करून देतात की थेट बैठकीत विषय निघतो? एकांतासाठी खोली मिळते का? औषधांबद्दल तर स्पष्टच विचारावे, कारण काही आश्रमांचा कल निसर्गोपचाराकडे असतो. मिथाइलफेनिडेट हे नेहमीचे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, त्यामुळे जवळचा मानसोपचारतज्ज्ञ किती लांब आहे हेही पाहावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फोन लागेल तिथून चालतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडीची वेगळी नोंद नाही. त्यामुळे सवलत मागायची तर ती बहुतेक वेळा सोबत्यांशी बोलूनच मिळवावी लागते. हे बोलणे पहिली पाळी चुकण्याआधी झाले तर ती सबब वाटत नाही.

आणखी एक. नवी जागा, नवी माणसे, नवे काम यांत एडीडी असलेली व्यक्ती सुरुवातीला खुलते, सगळ्यांच्या पुढे धावते. त्यामुळे आठवड्याभराच्या शिबिरावरून काहीच ठरवू नये. निदान दोन महिने राहून पाहावे, आणि घरची खोली तोवर सोडू नये.