पासवर्ड बंदच आहे, सर

भोसरीतल्या एका कारखान्याच्या आयटी खोलीत बसलो होतो. चहा यायच्या आधीच तिथल्या अ‍ॅडमिनने फाईल उघडून माझ्याकडे स्क्रीन वळवली. "हे बघा सर, पासवर्ड ऑथेंटिकेशन, नो. पासवर्ड बंदच आहे." ओळ होती खरी.

मी माझ्या लॅपटॉपवरून त्या सर्व्हरला हाक मारली. किल्ली नाही, पासवर्ड नाही, काहीच न देता. 'परमिशन डिनाइड' म्हणून त्याने हाकलून दिलं, पण जाता जाता कंसात सांगून टाकलं, की इथे पब्लिक-की चालते आणि पासवर्डही चालतो. एसएसएच सर्व्हरची ही सवय ऑडिटवाल्याच्या फार कामाची. मुलगा स्क्रीनकडे बघत राहिला.

तो खोटं बोलत नव्हता. उबंटूवर एसएसएचच्या मुख्य फाईलमध्ये वरच्या बाजूलाच एक 'इन्क्लूड'ची ओळ असते. तिच्यामुळे शेजारच्या फोल्डरमधल्या फाईली आधी वाचल्या जातात. आणि ओपनएसएसएचचा नियम असा, की सेटिंग पहिल्यांदा जिथे सापडेल तिथलीच धरायची. पुढे कोणी काहीही लिहो. फोल्डरमध्ये क्लाउड-इनिटने मशीन उभं करतानाच टाकलेली एका ओळीची फाईल पडून होती. पासवर्ड, यस. सातबाऱ्यावर नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची.

म्हणून फाईल वाचून शेरा लिहायचा नाही. एसएसएचडीलाच मोठ्या 'टी'चा पर्याय देऊन विचारायचं, की सगळ्या फाईली मिळून तुला काय समजलं ते सांग. शंभरेक ओळींत तो सगळं ओकतो. त्यातही दोन पळवाटा आहेत. एखाद्या युजरसाठी 'मॅच' लावून वेगळे नियम केले असतील, तर त्या युजरचं नाव देऊन पुन्हा विचारावं लागतं. शिवाय हे उत्तर आत्ताच्या फाईलवरून येतं. फाईल बदलून कोणी सर्व्हिस रिलोडच केली नसेल, तर आत जुनंच चालू असतं. त्यामुळे बाहेरून मारलेली हाक सुटत नाही.

पोर्ट बदलून 2222 केल्याचा त्या मुलाला अभिमान होता. त्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, एवढंच. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं ते नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यावर, आणि पोर्ट घेतला 22, एफटीपीच्या 21 आणि टेलनेटच्या 23 च्या मधला. तो बदलला म्हणून दाराची कडी घट्ट होत नाही.

स्कॅनरच्या अहवालाचंही तसंच. जुलै 2024 मध्ये ओपनएसएसएचमधला 'रिग्रेशन' नावाचा दोष बाहेर आला, तेव्हापासून नुसता आवृत्तीचा आकडा बघून स्कॅनर लाल शेरे मारतात. डेबियन, उबंटूवाले आकडा जुनाच ठेवून दुरुस्ती आत घालतात, हे त्यांच्या गावी नसतं. पॅकेजची नोंद उघडून बघितली, दुरुस्ती आलेली होती. पाच मिनिटांत तो शेरा खोडला.

खरा वेळ गेला किल्ल्यांत. 'डिप्लॉय' नावाच्या एका खात्यात 23 पब्लिक-की निघाल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी नाव असतं, पण ती नुसती टीप. तिथे कोणीही काहीही लिहावं. एका ओळीवर 'टेस्ट, नंतर काढणे' असं होतं. मग प्रत्येकीचा फिंगरप्रिंट काढून लॉगमधल्या 'अ‍ॅक्सेप्टेड पब्लिक-की'च्या नोंदींशी ताडत बसलो. लॉग मोजून महिन्याभराचा, त्यामागचं सगळं अंधारात. 14 किल्ल्यांचे मालक सापडले. त्यांतले पाच नोकरी सोडून गेलेले. नऊ बेवारस.

नवापैकी एक रोज रात्री सव्वादोनला आत येत होती, कारखान्याच्याच आतल्या पत्त्यावरून. मुलाचा चेहरा पडला. ती बॅकअपची स्क्रिप्ट निघाली. लावून देणारा माणूस केव्हाच गेलेला, किल्लीला पासफ्रेज नाही. काढली असती तर बॅकअप बंद. तिच्या ओळीत पत्ता बांधून दिला आणि एवढी एकच कमांड चालेल असं लिहिलं.

"सर, क्लाउड-इनिटच्या फाईलमध्येही पासवर्ड 'नो' केलं. आता रिलोड मारू?" त्याने विचारलं.

"आधी चालू असलेली खिडकी तशीच उघडी ठेव. दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत येऊन दाखव, मग पहिली बंद कर."

सोडून गेलेल्यांच्या पाच आणि उरलेल्या आठ बेवारस किल्ल्या त्याच संध्याकाळी काढल्या. त्याला दोन महिने झाले. त्या आठांपैकी एकीसाठीही अजून कोणाचा फोन आलेला नाही.