आडवाटेवरील मोटारसायकल व अंगरक्षणाचीं साधनें

पुलगांव वर्धा नदीच्या कांठीं वसलेलें आहे, आणि त्याच्या भोंवतालची जमीन काळी, कपाशीची आहे. ही जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत चाकास चिकटून बसते. गांवांतून डांबरी रस्ते आर्वीकडे, देवळीकडे व वर्ध्याकडे जातात. परंतु शेतकऱ्याचें शेत डांबरी रस्त्यावर क्वचितच असतें. तेथें पांदणीनेंच जावें लागतें. पूर्वीं ह्या पांदणींतून बैलबंड्या जात. आतां त्यांच्याच चाकोरींतून मोटारसायकली जातात.

म्हणून आडवाटेनें मोटारसायकल चालविणें ही केवळ हौशी खेळाडूंची गोष्ट आहे, असा समज आमच्या वाचकांनीं करून घेऊं नये. सन २०२४ च्या जानेवारींत पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत मातीचे उंचवटे रचून मोटारसायकलींच्या उड्यांची शर्यत झाली. अशा शर्यतींत शिरस्त्राण, उंच बूट व इतर साधनें घातल्यावांचून कोणासही मैदानांत उतरूं देत नाहींत, आणि स्वार पडलाच तर वैद्य जवळच असतो. आमच्या पांदणींतून जाणारा मात्र पायांत चप्पल व डोक्यास दुपट्टा बांधून जातो, आणि तो पडला तर मागून कोणी येईपर्यंत त्यास तेथेंच पडून राहावें लागतें. ज्यास मदत दूर आहे, त्यासच साधनांची गरज अधिक, ही गोष्ट उघड आहे. तेव्हां हीं साधनें कशीं निवडावीं, ह्याचा थोडक्यांत विचार करूं.

प्रथम पडण्याचे प्रकार समजून घेतले पाहिजेत. कारण जसें पडणें, तसें रक्षण. डांबरी रस्त्यावर वेगानें जाणारा मनुष्य पडला म्हणजे दूरवर घसरत जातो, व त्याची कातडी खरवडून निघते. म्हणून रस्त्यावरील स्वार जाड चामड्याचा पोशाख पसंत करितात. आडवाटेवर वेग कमी असतो, पण पडणें वारंवार घडतें. चाक भेगेंत अडकतें, चिखलांत वळतें किंवा दगडावरून उडतें, आणि स्वार एका बाजूस आपटतो. येथें कातडी घासण्यापेक्षां हाड मोडणें, सांधा मुरगळणें व टोंकदार वस्तु शरीरांत घुसणें, हीं भयें मोठीं. आमच्या भागांत तर एक भय विशेष आहे. तूर व कपाशी कापल्यावर शेतांत जे खुंट राहतात, ते विळ्याच्या तिरप्या घावानें भाल्यासारखे अणकुचीदार झालेले असतात. बाभळीचे कांटे निराळेच. म्हणून आडवाटेच्या पोशाखांत मोक्याच्या ठिकाणीं कठीण ढाली आणि इतरत्र हवा खेळणारें सैल कापड, अशी योजना असते.

आतां शिरापासून आरंभ करूं. मोडलेलें हाड बहुधा जुळतें. मेंदूस झालेली इजा पुष्कळदां भरून येत नाहीं. ह्या बाबतींत एक प्रसिद्ध इतिहास आहे. अरबस्तानांतील कामगिरीमुळें नांवाजलेले टी. ई. लॉरेन्स हे सन १९३५ च्या मे महिन्यांत इंग्लंडांत सायकलवरील दोन मुलांस चुकवितांना मोटारसायकलवरून पडले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. सहा दिवसांनीं त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनीं पुढें ह्या प्रश्नाचा अभ्यास करून सन १९४१ मध्यें शिरस्त्राणाच्या उपयोगाविषयीं निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांतील निरोप पोंचविणाऱ्या मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचें झालें.

शिरस्त्राण काम कसें करितें, हें शाळेंतील पदार्थविज्ञानावरूनच कळतें. क्रिकेटचा चेंडू झेलतांना खेळाडू हात मागें घेतो. त्यामुळें चेंडू थांबण्यास अधिक अंतर मिळतें व हातास कमी लागतें. शिरस्त्राणाच्या आंत थर्माकोलसारख्या पदार्थाचा जो जाड थर असतो, तो आपण चिरडून जाऊन डोक्यास असेंच अंतर मिळवून देतो. दीड मीटर उंचीवरून पडलेलें डोकें जमिनीस लागतां त्याचा वेग ताशीं सुमारें १९ किलोमीटर होतो. म्हणजे उभ्या गाडीवरून पडणेंही सामान्य नव्हे. तें डोकें अर्ध्या सेंटिमीटरांत थांबलें तर त्याची मंदगति गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट होते. अडीच सेंटिमीटरांत थांबलें तर ६० पट. हा हिशेब ढोबळ आहे, परंतु त्यावरून त्या थराचें महत्त्व कळेल. एकदां जोरानें आपटून चिरडलेला थर पुन्हां फुगत नाहीं. म्हणून असा मार खाल्लेलें शिरस्त्राण टाकून द्यावें, आणि दुसऱ्याचें जुनें कधींही विकत घेऊं नये. पेट्रोल किंवा रंग उतरविण्याचीं तेलें ह्यांनीं तें पुसूं नये. साबणाचें पाणी पुरेसें आहे.

निवडतांना प्रथम शिक्का पाहावा. आपल्या देशांत दुचाकीच्या शिरस्त्राणांकरितां आय.एस. ४१५१ हें प्रमाण असून, १ जून २०२१ पासून आय.एस.आय. शिक्क्यावांचून तीं बनविण्यास व विकण्यास मनाई आहे. शिक्क्यानंतर माप. भुवयांच्या किंचित् वरून डोक्याभोंवतीं फीत धरून घेर मोजावा व त्याच मापाचें शिरस्त्राण घ्यावें. तें घालून डोकें हालविलें असतां गालांची व कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हालली पाहिजे. मग हनुवटीखालचा पट्टा बांधून दुसऱ्या कोणास तें मागून पुढें ओढावयास सांगावें. निघून आलें तर तें आपलें नव्हे. आडवाटेच्या शिरस्त्राणास हनुवटीपुढें लांब कमान व कपाळावर छज्जा असतो. कमान दांत व जबडा वांचविते आणि श्वासास जागा देते. छज्जा ऊन, फांद्या व पुढच्या चाकानें उडविलेली माती अडवितो.

ह्या ठिकाणीं पालकांस एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची आपली चाल काटकसरीची आहे. पण शिरस्त्राणाच्या बाबतींत ती घातक होय. मोठें शिरस्त्राण पडण्याच्या क्षणीं फिरतें किंवा निघूनच जातें, व मूल उघड्या डोक्यानें आपटतें. तेव्हां तें आजच्या मापाचेंच घ्यावें, आणि मूल वाढलें म्हणजे बदलावें.

डोळ्यांस धुळीपासून राखण्यासाठीं चेहऱ्यास चिकटून बसणारा, कडेस मऊ स्पंजाची पट्टी असलेला गॉगल घ्यावा. साधा उन्हाचा चष्मा ह्या कामीं निरुपयोगी. त्याच्या बाजूंनीं धूळ शिरते. ज्यांस नंबरचा चष्मा आहे, त्यांच्यासाठीं चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात.

शिरानंतर पाय. साधी मोटारसायकलही एक क्विंटलाहून जड असते, व पडतांना पाऊल बहुधा तिच्याखालीं सांपडतें. अशा वेळीं चप्पल कांहींच करूं शकत नाहीं, आणि कापडी बूट तुरीचा खुंट अडवीत नाहीं. आडवाटेचे बूट नडगीपर्यंत उंच, कठीण तळाचे व बकलांनीं आंवळावयाचे असतात. घोट्यास पुढेंमागें वांकूं देणें, पण बाजूस मुरगळूं न देणें, हा त्यांचा मुख्य गुण. ते घेतांना जाड मोजे घालून पाहावे, आणि गियरचा दांडा व ब्रेक पायास नीट लागतात कीं नाहीं हें गाडीवर बसूनच ठरवावें. ज्यास हे परवडत नाहींत, त्यानें निदान घोटा झांकणारे, जाड तळाचे चामडी बूट घालावे.

गुडघे व कोंपर ह्यांच्या ढाली जागेवर राहणाऱ्या असाव्या. बसलें, उठलें तरी सरकतां कामा नये. सरकलेली ढाल ही नसलेलीच होय. ह्या ढालींची युरोपांत ई.एन. १६२१ ह्या प्रमाणानें परीक्षा होते. पांच किलोंचें वजन सुमारें एक मीटर उंचीवरून ढालीवर टाकून पलीकडे किती जोर पोंचतो, हें मोजतात. तो सरासरी ३५ किलोन्यूटनांच्या आंत राहिला तर ढाल पहिल्या पायरीची, व २० च्या आंत राहिला तर दुसऱ्या पायरीची. पाठीच्या ढालीस मर्यादा अधिक कडक, म्हणजे १८ व ९ अशा आहेत. अर्थात् येथें दुसरी पायरी ही पहिलीहून चांगली, हें ध्यानांत ठेवावें. छातीची ढाल पुढील गाडीनें उडविलेले खडे अडविते. हातमोजे मात्र फार जाड नसावे; क्लच व ब्रेक बोटांस कळले पाहिजेत. पडतांना मनुष्य आधीं हात टेंकतो, म्हणून तळव्यास दुहेरी अस्तर हवें.

उन्हाळ्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि “एवढ्या उन्हांत हें ओझें कोण वागविणार?” असा प्रश्न निघतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर साधनें टाकणें हें नव्हे. जाळीदार कापडाचा सदरा घ्यावा, ढाली भोंकांच्या घ्याव्या, पाणी बरोबर ठेवावें, आणि शक्य तों सकाळीं लवकर निघावें.

पैसा थोडा असेल तर क्रम असा ठेवावा: प्रथम शिरस्त्राण, मग बूट, मग गॉगल व हातमोजे, नंतर गुडघे व कोंपर, त्यानंतर छाती व पाठ. रंगीबेरंगी चित्रांचा सदरा सर्वांत शेवटीं. दुकानांत पुष्कळांचा क्रम नेमका ह्याच्या उलट असतो.

आमच्या विद्यार्थ्यांस आणखी एक सांगणें आहे. गियरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना वयाच्या १८ व्या वर्षापूर्वीं मिळत नाहीं. सन २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. तोंवर तुम्ही मागें बसणारे आहां. पण मागें बसणाऱ्याचेंही डोकें तितक्याच उंचीवरून पडतें. चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण हवें, असें कायदाही सांगतो. वडील शेताकडे निघाले म्हणजे त्यांस शिरस्त्राणाची आठवण देण्यास तर कोणताच परवाना लागत नाहीं.

शेवटीं, साधनें म्हणजे अभय नव्हे. सन २०२१ मध्यें सौदी अरबस्तानांत झालेल्या डकार शर्यतींत बंगळूरचे नामांकित स्वार सी. एस. संतोष हे पडून त्यांच्या डोक्यास गंभीर इजा झाली. त्या शर्यतींत हवेनें फुगणारें जाकीटदेखील स्वारांस सक्तीचें होतें. उपचारांनीं ते बरे होऊन घरीं परतले. साधनें अपघात टाळीत नाहींत. अपघातानंतर परत येण्याची संधि वाढवितात. अपघात टाळणें हें वेगावर ताबा ठेवणाऱ्या मनाचें काम. शिर सलामत तर पगड्या पन्नास, असें आपले वडील म्हणत आले. पगडी निवडतांना आपण रंग पाहतों, पोत पाहतों, चार दुकानें फिरतों. शिर राखणारी वस्तु निवडतांना निदान तेवढी तरी चिकित्सा आमच्या वाचकांनीं करावी.