‘शाळा’ : वाचलेली, पाहिलेली आणि सुटलेली

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी मौज प्रकाशन गृहाने २००४ साली प्रसिद्ध केली. तिच्या आधारे ‘गमभन’ हे नाटक आणि ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट निघाला. आणि जानेवारी २०१२ मध्ये सुजय डहाके या तरुण दिग्दर्शकाचा त्याच नावाचा मराठी चित्रपट पडद्यावर आला. या चित्रपटाविषयी प्रेक्षकांमध्ये तेव्हापासून जो मतभेद चालत आला आहे त्याचा अद्याप निकाल लागलेला नाही. ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, रूपांतरित पटकथेसाठी अविनाश देशपांडे निगडी यांचा गौरव झाला, तरीही ‘पुस्तक चांगले की सिनेमा’ हा वाद मिटला नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नववीतल्या मुकुंद जोशीला शिरोडकर आवडते एवढ्यावरून पुष्कळ लोक या कथेची गणना गोड, कोवळ्या प्रेमकथांत करतात. वस्तुतः ती बरीच काळोखी आहे. जून १९७५ मध्ये पुकारलेली आणि मार्च १९७७ मध्ये उठलेली आणीबाणी तिच्या पाठीमागे सतत उभी आहे, आणि देशातल्या त्या मोठ्या दडपशाहीची एक धाकटी प्रतिकृती वर्गातही चाललेली आहे: मनातले बोलून दाखवणे हा अपराध, त्याची फिर्याद मुख्याध्यापकांच्या खोलीत, आईवडिलांना बोलावणे, चारचौघांत पंचनामा, आणि शिक्षा मात्र फक्त पोरांना. वर्ष संपते तेव्हा मित्रांची चौकडी फुटलेली असते, शिरोडकर गाव सोडून गेलेली असते, आणि मुकुंदापुढे दहावीची भिंत उभी असते.

ज्यांनी कादंबरी आधी वाचली त्यांची मुख्य कैफियत अशी की चित्रपटात मुकुंदाचा आवाज हरवला. ही तक्रार रास्त आहे. सबंध कादंबरी त्या मुलाच्याच तोंडून आलेली असल्यामुळे त्याचा मिस्कीलपणा, त्याच्या शिव्या, मोठ्या माणसांविषयी मनातल्या मनात चाललेला त्याचा उलटतपास, हीच तिची खरी दौलत आहे, आणि कॅमेऱ्याला, तो कितीही चतुर असला तरी, माणसाच्या डोक्यात शिरून बसण्याची मुभा नसते. हा पेच केवळ मराठीपुरता नाही. ‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’ या १९९९ सालच्या, किशोरवयातल्या गडद दुःखावरच्या पत्ररूप कादंबरीचा चित्रपट २०१२ मध्येच आला. तो तर स्टीफन चबॉस्की या मूळ लेखकानेच दिग्दर्शित केला होता, आणि तरी पत्रांतला तो एकांतातला सूर पडद्यावर जशाचा तसा आणणे त्यालाही शक्य नव्हते.

याउलट, ज्यांनी कादंबरी वाचली नव्हती त्यांना अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांच्या चेहऱ्यांनी जिंकले. न बोलता नुसते पाहत राहण्याचे जे प्रसंग आहेत, आणि दिएगो रोमेरो या परदेशी छायालेखकाने टिपलेला जो मंद उजेड आहे, त्यांत चित्रपट कादंबरीच्या तोडीस उभा राहतो, असे माझेही मत आहे. मात्र याच उजेडाने एक नुकसान केले. त्या काळाच्या कौलांना, गल्ल्यांना, गणवेशांना अशी काही आठवणींची झळाळी आली की पन्नाशीतला प्रेक्षक ‘काय दिवस होते ते’ म्हणत चित्रपटगृहातून बाहेर पडला. ते दिवस सुखाचे नव्हते, हेच तर कादंबरीचे म्हणणे होते!

आमच्याकडे, म्हणजे खडवली आणि आसनगाव यांच्या मधल्या वाशिंदला, या चित्रपटाविषयी जी मते ऐकू येतात त्यांची तऱ्हा याहून निराळी आहे. येथल्या प्रेक्षकाचे लक्ष मुकुंदापेक्षा त्याच्या चौकडीतल्या सुऱ्याकडे आणि फावड्याकडे जाते. मुकुंदाचे दुःख हे एक मुलगी गेल्याचे दुःख आहे. पण ज्या मुलाचे शाळेत मन लागत नाही आणि ज्याच्यासाठी शाळाही फारशी अडून राहत नाही, त्याचे पुढे काय झाले, असा सवाल शहापूर-मुरबाडकडचा माणूस विचारतो, कारण असे मुलगे त्याच्या पाड्यावर, त्याच्या भावकीत, पुष्कळदा त्याच्या घरातच असतात. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत, पुढे दुसऱ्या गावी चालत किंवा आश्रमशाळेत, आणि वीटभट्टीचा हंगाम सुरू झाला की आईबापांबरोबर स्थलांतर, असा ज्यांचा क्रम, त्यांच्या लेखी नववी ही प्रेमाची इयत्ता नव्हे. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये अमलात आला आणि आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले, तेव्हा चाळणीचे काम साहजिकच नववीवर आले. ‘शाळा’ पडद्यावर आली ती नेमकी त्याच काळात. पण शहरी परीक्षणांत या बाजूची चर्चा फारशी झाली नाही.

बोकीलांना ही बाजू अपरिचित होती असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या कातकऱ्यांची वस्ती आमच्या तालुक्यातही आहे, त्यांच्या विकासाचा आणि विस्थापनाचा स्वतंत्र ग्रंथ त्यांनी लिहिलेला आहे. ‘शाळे’त त्यांनी मुकुंदाला निवेदक नेमला हे कलेच्या दृष्टीने उचितच झाले, परंतु त्यामुळे सुऱ्या-फावड्या आपल्याला सदैव दुसऱ्याच्या नजरेतूनच दिसतात. चित्रपटाला ही नजर बदलण्याची संधी होती, कारण त्याच्यावर निवेदकाची सक्ती नव्हती. ती त्याने घेतली नाही, आणि माझ्या मते आवाज हरवण्यापेक्षा हा दोष मोठा आहे. (जाता जाता सांगतो, याच दिग्दर्शकाचा २०१४ चा ‘आजोबा’ मुरबाड तालुक्यातल्या माळशेज घाटात सोडलेल्या आणि मुंबईपर्यंत चालत गेलेल्या बिबळ्याचा होता, तेव्हा आमच्या मुलखाकडे त्यांचे लक्ष गेले, पण ते जनावराच्या निमित्ताने.)

या सगळ्या वादात ज्यांचे मत कोणी विचारत नाही ते म्हणजे नववीतले विद्यार्थी. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप न घालता ही कादंबरी मुलांच्या हाती द्यावी, एखाद्या शनिवारी चित्रपट दाखवावा, आणि त्यानंतर मुलामुलींना मोकळेपणाने बोलू द्यावे. त्यांत कोणी शिक्षकांविषयी कडू बोलले तर त्याची तक्रार घरी पाठवू नये.