इंजिनाचे तेल आणि डब्यावरचे नाव

मोटार घेताना आपला मनुष्य दहा ठिकाणी चौकशी करतो, भाव पाडून पाहतो, जाणत्यांचा सल्ला घेतो. परंतु गाडी एकदा दारात आली, की तिच्या इंजिनात कोणते तेल घालावे याविषयी तोच चिकित्सक गृहस्थ एकाएकी भाविक बनतो. घराण्याचे कुलदैवत जसे ठरलेले, तसा त्याचा तेलाचा डबाही ठरलेला असतो. ही निष्ठा इंजिनाला कळते काय, एवढाच येथे प्रश्न आहे. तो क्षुल्लक समजू नये. रिक्षावर ज्याचा संसार चालतो, त्याचे इंजिन बसले म्हणजे घरची चूल थंडावते. आणि नावापायी दर खेपेस जादा पैसे मोजणाऱ्यालाही त्या पैशाचे काय मिळते, हे कळावयास हवे.

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले की कुरकुर थांबते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. ती का थांबते, हे १८८३ साली बीचम टॉवर नावाच्या इंग्रज इंजिनिअरला अवचितच दिसले. आगगाडीच्या आसांना लागणाऱ्या बेअरिंगांवर तो प्रयोग करीत होता. तेल सोडावे म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तो तेल आत जाण्याऐवजी उलट त्यातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी तेथे दाबमापक बसविला, तेव्हा आसावरील भाराच्या मानाने जो सरासरी दाब निघावयास हवा, त्याच्या दुपटीहून अधिक दाब दिसला. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढून चिंचोळ्या फटीत कोंबतो, तेथे दाब वाढतो, आणि सारा भार तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. धातू धातूला शिवतच नाही! हा थर किती जाड राहील ते तेलाचा दाटपणा, फिरण्याचा वेग आणि भार यांवर अवलंबून असते. कंपनीच्या नावाला या गणितात कोठेही जागा नाही.

दाटपणाला मात्र आहे. तेल फार पातळ असले तर थर तुटतो. फार दाट असले तर थंड इंजिन सुरू होताना ते वरपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो आणि इंधनही वाया जाते. म्हणून अमेरिकेतील मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ साली दाटपणाची प्रतवारी ठरविली. डब्यावरील 'एस.ए.ई. १०डब्ल्यू-३०' ही अक्षरे तीच. त्यातला डब्ल्यू म्हणजे 'विंटर', हिवाळा. पहिला आकडा तेल थंडीत कसे वागते ते सांगतो, दुसरा ते शंभर अंश सेल्सियस तपमानाला किती दाट राहते ते सांगतो. आकडा मोठा तितके तेल भारी, अशी समजूत गॅरेजांतून सर्रास आढळते. तिला आधार नाही. आजच्या कित्येक गाड्या मुद्दाम पातळ तेलासाठीच घडविलेल्या असतात.

आता एक खरी अडचण. हा थर सर्वत्र आणि सर्वकाळ टिकत नाही. इंजिन सुरू होतानाचे पहिले क्षण, पिस्टन जेथे उलटा फिरतो ती टोके, झडपा उघडणारे कॅम, या जागी धातूची धातूशी गाठ पडतेच. तेथे तेलात मिसळलेली रसायने कामास येतात. जस्त आणि फॉस्फरसयुक्त एक द्रव्य धातूवर संरक्षक लेप बसविते. दुसरी काही द्रव्ये काजळी तेलातच तरंगत ठेवतात. (डिझेल गाडीचे तेल लवकर काळे पडले म्हणून पुष्कळजण हळहळतात. वास्तविक तेल आपले काम करीत असल्याचे ते लक्षण आहे.) मग निदान या रसायनांत तरी कंपन्यांची करामत असेल? थोडी असते. परंतु जगभर या मिश्रणांचा बहुतेक पुरवठा चार मोठ्या कारखानदारांकडून होतो, आणि मूळ तेल मुंबईच्या माहुलसारख्या शुद्धीकरण कारखान्यांतून अनेक विक्रेत्यांकडे जाते. डबे निराळे असले, तरी आतल्या मालाची सोयरीक पुष्कळदा जवळची असते.

या रसायनांची कसोटी ए.पी.आय. या अमेरिकन संस्थेच्या अक्षरांनी कळते. पेट्रोल इंजिनासाठी एस, डिझेलसाठी सी, आणि पुढचे अक्षर जितके मागाहूनचे तितकी कसोटी नवी. पेट्रोलची 'एस.पी.' ही प्रत २०२० साली आली. उलट 'एस.ए.' तेलात ही रसायने नसतात. १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांना ते चालत नाही, असे ती संस्थाच बजावते.

'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' या अमेरिकन मासिकाने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींत नव्याने बांधलेली इंजिने बसवून, निरनिराळ्या नावांची तेले घालून, प्रत्येक गाडी साठ हजार मैल पळविली. मग इंजिने उघडून भागांची झीज मोजली. १९९६ साली निकाल छापला, तो असा की तेलाच्या नावागणिक झिजेत म्हणण्यासारखा फरक नाही. टॅक्सी दिवसभर तापलेलीच राहते; रोज सकाळी थंड इंजिन सुरू करून बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

नावापेक्षा प्रत कशी महत्त्वाची, याचे सर्वांत बोलके उदाहरण मोटारसायकलचे आहे. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीसाठी केलेल्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. असे नामांकित, महागडे तेल कोणी हौसेने मोटारसायकलमध्ये ओतले, तर क्लच घसरू लागतो. तेथे जपानी 'जासो एम.ए.' किंवा 'एम.ए.२' ही खूण पाहावी. ती असलेले स्वस्त तेल त्या महाग तेलाहून शतपट बरे.

तर मग नावाचा उपयोग काहीच नाही काय? आमच्या मते एक आहे. डब्यावर छापलेली प्रत खरोखर आत आहे, याची हमी जबाबदार उत्पादकाकडून मिळते. पण ही हमी टिकते ती डबा अस्सल असेल तोवर. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे गोळा करून त्यांत भलतेच तेल भरून विकणारे लोक आहेत, आणि ते निवडतात ते खपाचे नावच. यास्तव गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले दोन आकडे आणि अक्षरे जुळवावीत, तेल आपल्यासमोर सील फोडून ओतून घ्यावे, ते पुस्तिकेतल्या मुदतीत बदलावे, आणि रिकाम्या डब्याला तेथेच खिळ्याने भोक पाडून मग तो टाकावा. जुने तेल गटारात ओतू देऊ नये. ते पुन्हा शुद्ध करणारे परवानाधारक कारखाने आहेत, आणि चांगले गॅरेज ते त्यांच्याकडे पाठविते.