आईला घेऊन सोपाऱ्याच्या बंदरावर

आमची आई नालासोपारा पूर्वेला राहायला येऊन आता तीस वर्षे होत आली. १९८२ च्या संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा धड चाललीच नाही. पुढे परळची खोली विकून आम्ही इकडे आलो. तेव्हापासून सोपारा म्हणजे आमच्यासाठी दोनच गोष्टी. सकाळची चेंगराचेंगरीची लोकल आणि पावसाळ्यात खोलीत शिरणारे पाणी. पूल ओलांडून पश्चिमेला जायचे ते फक्त भाजीसाठी, कारण वाडीवरची ताजी भाजी तिकडे मिळते.

आईच्या मनात बुद्धगया होती. महिला मंडळातल्या बायकांबरोबर तिने दोनदा पैसे साठवले. पहिल्या वेळचे धाकटीच्या लग्नात गेले, दुसऱ्या वेळचे तिच्याच गुडघ्यांच्या औषधाला. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी म्हटले, "आई, चल, आज सोपाऱ्याला जाऊन येऊ."

"सोपाऱ्यातच तर राहतो नव्हं? आनि कुठं जायचं?"

वाचकहो, आपल्यापैकी किती जणांचे असेच आहे! विरार लोकलने रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांत आपली किती माणसे असतात. कार्ल्याला, कान्हेरीला आपण हौसेने जातो. पण स्टेशनच्या पाटीवर जे नाव रोज वाचतो, ते बौद्ध वाङ्मयातले शूर्पारक, पालीतले सुप्पारक हे आपल्या घरात किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला ते चाळिशीनंतर कळले, हे इथे कबूल करतो.

नालासोपारा स्टेशनला पश्चिमेला उतरायचे. रिक्षा करा, नाहीतर सावकाश चालत अर्ध्या तासात सोपारा गाव येते. स्टेशनजवळच्या इमारती मागे पडल्या की जुनी घरे, विहिरी आणि वाड्या दिसायला लागतात. गावात 'बुद्ध स्तूप' असे विचारले तर कोणीही रस्ता दाखवते. जुनी माणसे त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. शूर्प म्हणजे धान्य पाखडायचे सूप आणि सुपे विणणारा तो बुरूड, त्यामुळे नावाचा हा खेळ त्यातूनच झाला असावा. म्हातारी माणसे बरोबर असतील तर इथली एक गोष्ट फार सोयीची आहे. कान्हेरीसारखा डोंगर चढायचा नाही. सपाट जमिनीवर विटांचा स्तूप आहे. आईचे गुडघे कुरकुरले नाहीत.

पण पाहिल्यावर तिचा चेहरा जरा उतरलाच. तिने सांचीचा फोटो पाहिलेला. "एवढंच?" असे ती म्हणाली. मग आम्ही सावलीत बसलो आणि त्या विटांच्या पोटातून काय निघाले ते मी तिला सांगितले.

१८८२ च्या एप्रिलात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप खणला. मधोमध एक दगडी पेटी लागली. पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान धातूच्या मूर्ती गोलाकार मांडलेल्या. सात पूर्वीच्या बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही मिळाले. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. त्या सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. भगवंतांच्या भिक्षापात्राच्या म्हणून श्रद्धेने जपलेल्या.

आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सोन्यात माती ठिवली व्हय!" आणि उठून, गुडघ्याला हात लावीत, तिने स्तूपाला प्रदक्षिणा घातली. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेल्या. स्तूपाच्या पोटात आज काही नाही, हेही मुलांना खरे ते सांगावे.

आता बंदराचे सांगतो, कारण बंदर नसते तर हा स्तूपही नसता. उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी आणि मधल्या पट्ट्यात सोपारा. जुन्या काळी खाडीचे पाणी पार गावापर्यंत येई आणि गलबते आत घेता येत. 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात कल्याणबरोबर सोपाऱ्याचे नाव आहे. घाटावरचा माल नाणेघाट उतरून खाली येई आणि समुद्रमार्गे परदेशी जाई. कार्ल्याच्या लेण्यात सोपाऱ्याच्या भिक्खूचे दान कोरलेले आहे, नाशिकच्या लेखातही सोपाऱ्याचे नाव आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली, गलबते दुसरीकडे वळली आणि बंदर सरले. ती सगळी सखल, खाडीकाठची जमीन. जुलै २०१८ मध्ये इथली लोकल पाण्यात थांबली आणि आमच्या खोलीत गुडघाभर पाणी होते, तेव्हा हे बंदर मला पहिल्यांदा खरे वाटले होते.

या बंदराचा आपला माणूस म्हणजे पूर्ण, पालीत पुण्ण. 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात त्याची कथा आहे. सोपाऱ्याच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, पण आई दासी. बाप गेल्यावर भावांनी घर वाटून घेतले, तेव्हा दासीच्या पोराला वाटा कसला म्हणून त्याला वाटेकरी धरलेच नाही, उलट वाटणीतली एक वस्तू म्हणून मोजले. पूर्ण डगमगला नाही. समुद्रकाठी लाकूडफाटा गोळा करणाऱ्या एका गरीब माणसाच्या मोळीत त्याने चंदन ओळखले, तिथून व्यापार वाढवला. सहा वेळा तो समुद्रपार जाऊन आला. सातव्या वेळी जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी होते. रात्री आणि पहाटे ते मिळून काही म्हणत. पूर्णाने विचारले, ही गाणी छान आहेत, कोणाची? ते म्हणाले, ही गाणी नव्हेत, हे बुद्धवचन आहे. बुद्ध हा शब्द त्याने तेव्हा प्रथम ऐकला. परत आल्यावर तो थेट श्रावस्तीला गेला आणि भिक्खू झाला.

पुढचा भाग मज्झिम निकायात आहे. पुण्ण आपल्या मुलखात परत जायला निघतो. भगवान विचारतात, तिथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर काय म्हणशील? तो सांगतो, बरी माणसे आहेत, हात तरी उगारला नाही असे म्हणेन. हात उगारला तर? दगड मारले तर? शस्त्र चालवले तर? प्रत्येक पायरीला त्याचे उत्तर तयार असते. ही गोष्ट आईला सांगत होतो, तर शेजारी क्रिकेट खेळणारी दोन मुले बॅट टेकवून ऐकत उभी राहिली. मुलांना हीच गोष्ट सांगा, आणि इथेच बसून सांगा. वर्गातला धडा ती विसरतील, ही विसरणार नाहीत.

स्तूपानंतर गावातली तळी पाहत चालावे. चक्रेश्वर तळ्याकाठी जुन्या कोरीव मूर्ती आहेत. भाटेला तळ्याजवळ १८८२ मध्येच भगवानलालांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तुकडा लहान असला, तरी पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणच्या लेखांवरून कळतो. आणि मजकूर काय, तर प्रवासाविषयी! पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरत. अशोक राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला आणि तेव्हापासून त्याने धम्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटायचे, खेड्यातल्या माणसांत बसून धम्माविषयी बोलायचे.

आई म्हणाली, "राजाला धा वरसं लागली. मला तीस झाली, अजून जातीच हाय."

नववा लेख जवळच्या भुईगावात मिळाला, १९५६ साली. होय, त्याच वर्षी, ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला धम्म दिला. त्या लेखात अशोक सांगतो की आजारात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरा विधी एकच, दास आणि नोकरमाणसांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे. ज्या घरात आजही मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढून थाट केला जातो, त्या घराने भुईगावला एकदा जाऊन यावेच.

सोपाऱ्याहून निर्मळच्या तळ्यावरून भुईगावच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाता येते. चालवत नसेल त्यांनी रिक्षा करावी, आम्ही तेच केले. वाटेत केळीच्या बागा, फुलांच्या वाड्या, चर्च, देवळे, मशिदी लागतात. निर्मळला तळ्याकाठी एक ख्रिस्ती म्हातारी भाजी घेऊन बसली होती. तिची बोली आईला अर्धीच कळत होती, तरी दोघींचे गुडघ्यांच्या दुखण्यावर अर्धा तास चालले. निघताना तिने दोन केळी जास्त घातली.

वेळ असेल त्यांनी वसईचा किल्लाही करावा. पोर्तुगिजांचा, १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने घेतलेला. त्याचे वर्णन सगळ्या पुस्तकांत आहे, म्हणून इथे लांबवत नाही. मात्र किल्ल्यामागचे किल्लाबंदर आणि पाचूबंदर चुकवू नका. होड्या, जाळी विणणारी माणसे, दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. चालते बंदर कसे असते ते पाहिल्यावर बुजलेल्या सोपाऱ्याची कल्पना येते.

काही सूचना. पाणी आणि भाकरी घरून न्या. सकाळी लवकर निघा, दुपारी ऊन लागते. स्तूपाच्या विटांवर मेणबत्त्या लावू नका, मेण विटेत मुरते आणि काजळी बसते. वंदना खाली जमिनीवर बसून घ्यावी. आठवण म्हणून विटेचा तुकडा खिशात घालू नका. आम्ही गेलो त्या दिवशी फुलांच्या, बिस्किटांच्या रिकाम्या पिशव्या विटांच्या सांदीत अडकल्या होत्या. त्या बाहेरच्या कोणी टाकल्या असे म्हणायला माझे मन धजत नाही. आईने पदर खोचला आणि वेचायला सुरुवात केली. क्रिकेटची ती दोन मुलेही आली.

परतताना पुलावर तिने मला थांबवले आणि विचारले, पुढच्या पौर्णिमेला मंडळाच्या बायकांना आणायचे तर रिक्षात किती जणी बसतील. मी म्हटले, तीन. ती म्हणाली, मग चालतच येऊ.