पन्नास लाख आणि फुरसुंगीचा बन्या

२००० साली ‘कौन बनेगा करोडपती’चा पहिला करोडपती झाला तो मुंबईचा मराठी तरुण हर्षवर्धन नवाथे. पंधरा प्रश्न, पंधराही उत्तरे बरोबर. बँकेत आयुष्य काढलेल्या आम्हाला मात्र त्यातला हिशेब जास्त भावतो. पन्नास लाख घेऊन तो उठू शकत होता. शेवटचे उत्तर चुकते, तर उरले असते ३ लाख २० हजार. म्हणजे ४६ लाख ८० हजारांवर पाणी! प्रश्न होता, दिलेल्या चौघांपैकी संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कोणाला देते? उत्तर, ॲटर्नी जनरल. तो सनदी सेवेच्या परीक्षेची तयारी करत होता, ती कामी आली असणार.

पण अशा खेळात कथा-कादंबऱ्यांतली पात्रेही विचारतात, आणि ती गाइडमध्ये सापडत नाहीत. फास्टर फेणे मूळचा कुठला? फुरसुंगीचा, नाव बनेश, लेखक भा. रा. भागवत. गुंड्याभाऊ कोणाचा जोडीदार? चिं. वि. जोशींच्या चिमणरावांचा. लहानपणी वाचले असेल तरच हे सुचते. भालकी, औराद, आळंदकडची आपली बरीच मुले कन्नड शाळेत शिकतात. त्यांना ही मंडळी भेटणार कुठे?

चंदन वाहिनीवरच्या डॉ. ना. सोमेश्वरांच्या ‘थट् अंत हेळि’त, म्हणजे ‘पटकन सांगा’त, बरोबर उत्तराला पैसे नव्हे, पुस्तक मिळते. आपल्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेतही रोख पाकिटाऐवजी फास्टर फेणेच द्यावा, असे आमचे म्हणणे आहे.